दिव्यावरचं कवच

ओला वॉटर पेपर फिरायला लागला की पहिली काही मिनिटं हेडलाईट सुधारत नाही, उलट आणखी बिघडतो. कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रविवारी सकाळी, एक निवृत्त काका पाटावर बसून आपल्या पांढऱ्या हॅचबॅकचा डावा दिवा घासत होते. मघापर्यंत पिवळट आणि ढगाळ असलेला दिवा आता पांढराफटक झाला होता. आतला बल्बसुद्धा दिसेनासा झाला होता. कागदाखालून ओघळणारं पाणी मात्र हळदुलं होतं आणि बंपरला लावलेल्या मास्किंग टेपवरून खाली ठिबकत होतं.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून काकूंनी हाक मारली, "अहो, होता तेवढा तरी बरा दिसत होता. आता काय केलंत?"

"हे पिवळं पाणी निघतंय तोवर घासायचं," काका मान वर न करता म्हणाले. "पाणी पांढरं झालं की खरं काम सुरू."

'उजेड' या विषयावर लिहायचं ठरलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आले ते रस्त्यावरचे हे अंधुक दिवे. कुठल्याही पार्किंगमधून एक फेरी मारा. दहा-बारा वर्षांच्या गाड्यांचा रंग चकचकीत असतो, सीटकव्हर नवी असतात, टायर बदललेले असतात, आणि पुढे मोतीबिंदू झाल्यासारखे दोन डोळे. इंजिनाच्या आवाजात जरा फरक पडला तरी आपण गॅरेज गाठतो. दिवा मात्र इतका सावकाश मंदावतो की रोज गाडी चालवणाऱ्याला तो मंदावलाय हेच कळत नाही. रात्री नीट दिसेनासं झालं की माणूस वयाला बोल लावतो, चष्म्याचा नंबर तपासून घेतो.

हे दिवे घरच्या घरी पुन्हा स्वच्छ करता येतात. पण हे काम नीट करणाऱ्यांचे हात पाहिले, त्यांच्याशी बोलले, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे लक्षात आली. घासण्याचं सगळ्यांना कौतुक असतं, कारण त्याचा परिणाम डोळ्यांसमोर दिसतो. दिवा पुढे टिकणार की नाही हे मात्र घासून झाल्यावर त्यावर काय चढवलं यावर ठरतं, आणि नेमकी तीच पायरी बहुतेक जण गाळतात.

काच गेली आणि दिवा आडवा झाला

फियाट पद्मिनी, अँबॅसिडर, जुनी जीप, जुनी बुलेट यांच्या दिव्यांना खरी काच असे. तिच्यावर उभ्या-आडव्या रेघांची नक्षी असे आणि प्रकाश कुठे पाडायचा, कुठे नाही, याचं बरंचसं काम ती नक्षी करत असे. समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये म्हणून पूर्वी त्या काचेवर मधोमध काळी टिकली असायची, किंवा वरचा भाग काळा रंगवलेला असायचा. अशी काच दगड लागून फुटे, पण पिवळी पडत नसे. तीस वर्षांची काच ओल्या फडक्याने पुसली की तितकीच पारदर्शक निघे.

ती जागा घेतली पॉलिकार्बोनेटने. 1953 मध्ये जर्मनीत बायर कंपनीत हेर्मान श्नेल आणि त्याच सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स, असे दोघे जण एकमेकांपासून स्वतंत्रपणे या प्लॅस्टिकपर्यंत पोचले. हेल्मेटचे वायझर, पोलिसांच्या पारदर्शक ढाली, गाण्यांच्या सीडी, सगळं याच जातीचं. काचेच्या निम्म्याहून कमी वजन, हवा तो आकार घेण्याची तयारी, आणि आघात सोसण्याची ताकद काचेच्या कितीतरी पट. अमेरिकेत दिव्यांच्या आकाराचे जुने कडक नियम 1983 मध्ये सैल झाले आणि 1984 च्या लिंकन मार्क सेव्हनवर गाडीच्या अंगाशी मिळतंजुळतं वळण घेतलेले प्लॅस्टिकचे दिवे आले. पुढच्या दशकांत हा बदल जगभर पसरला.

त्यातल्या दोन गोष्टी आपल्या विषयाशी थेट जोडलेल्या आहेत. पहिली अशी की प्रकाशाला दिशा देण्याचं काम आता बाहेरच्या आवरणाकडे उरलं नाही. ते आतल्या रिफ्लेक्टरकडे किंवा प्रोजेक्टरच्या भिंगाकडे गेलं. बाहेरच्या आवरणाने फक्त स्वच्छ राहायचं. म्हणूनच त्याचा वरचा पातळ थर घासून काढला तरी प्रकाशाचा झोत बिघडत नाही. दुसरी गोष्ट गैरसोयीची. जुना दिवा रस्त्याकडे तोंड करून सरळ उभा असे. नवा दिवा वाऱ्याला वाट देण्यासाठी मागे कललेला असतो, कधीकधी बॉनेटवर पार चढलेला. त्यामुळे त्याचा बराचसा भाग दिवसभर आकाशाकडे बघत राहतो.

ऊन नेमकं काय करतं

पॉलिकार्बोनेट धक्क्याला कणखर, पण ओरखड्याला अगदी हळवं. उन्हातले अतिनील किरणही त्याला सोसत नाहीत. हे कारखान्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे, म्हणून प्रत्येक नव्या दिव्यावर एक कठीण, पारदर्शक लेप दिलेला असतो. तो काही मायक्रॉन जाडीचा असतो, केसापेक्षाही पातळ. अतिनील किरण अडवायचे आणि ओरखडे सोसायचे, ही दोन्ही कामं तो करतो. जोवर हा लेप शाबूत आहे तोवर दिवा शाबूत आहे.

लेप आधी वरच्या कडेला झिजतो, जिथे ऊन सर्वांत जास्त लागतं. तिथे बारीक तडे जातात, मग पोपडे सुटतात. उघड्या पडलेल्या प्लॅस्टिकमधल्या रेणूंच्या साखळ्या अतिनील किरणांनी तुटतात, वेगळ्या तऱ्हेने जुळतात, आणि त्या नव्या जुळणीचा रंग पिवळा असतो. दमट हवा आणि उष्णता या कामाला हातभार लावतात. काकांच्या गाडीचा डावा दिवा उजव्यापेक्षा जास्त खराब होता. कारण विचारलं तेव्हा त्यांनी पार्किंगच्या पत्र्याकडे बोट केलं. सावली उजव्या दिव्यापर्यंत येते आणि तिथेच संपते.

दिलासा एवढाच की हे नुकसान खोल जात नाही. अतिनील किरण वरच्या थरातच शोषले जातात, त्यामुळे मायक्रॉनमध्ये मोजावा इतका पातळ थरच बिघडतो. त्याखालचं प्लॅस्टिक कारखान्यातून निघालं तेव्हाइतकंच निर्मळ असतं. घासून दिवा सुधारतो तो याच एका कारणाने.

उन्हाच्या जोडीला आपल्या सवयीही आहेत. सकाळी सहाला सोसायटीत गाडी पुसणारी मुलं येतात. त्यांच्याकडे वीस गाड्या, एक बादली आणि दोन फडकी. रात्रभर बसलेली धूळ कोरड्या किंवा जेमतेम ओल्या फडक्याने ओढली जाते, आणि त्या धुळीतली रेती रोज त्या लेपावर रेघा मारते. दोष त्या मुलांचा नाही. गाडीमागे जेवढे पैसे आणि जेवढं पाणी आपण देतो, तेवढ्यात असंच होणार. बोअरच्या जड पाण्याचे थेंब उन्हात वाळले की क्षारांचे पांढरे ठिपके चिकटून बसतात. सर्व्हिसिंगला डिझेल किंवा रॉकेलचा बोळा फिरवायची पद्धत अजूनही आहे. त्याने घटकाभर चमक येते, पण अशा द्रावकांनी लेप खराब होतो आणि प्लॅस्टिकला बारीक तडे जातात. दुचाक्यांचं तर वेगळंच. 1 एप्रिल 2017 पासून आपल्याकडच्या नव्या दुचाक्यांचा हेडलाईट इंजिन सुरू असेपर्यंत पेटलेलाच राहतो. बाहेरून ऊन आणि आतून हॅलोजनची धग, अशी दोन्ही बाजूंची उष्णता ते छोटं आवरण दिवसभर सोसतं.

उसाच्या रस्त्यावर

अंधुक दिवा म्हणजे नेमकं किती कमी दिसतं? अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने 2018 मध्ये जुन्या गाड्यांचे ढगाळलेले दिवे तपासले, तेव्हा नव्या दिव्याच्या तुलनेत त्यांच्यातून सुमारे एक पंचमांश प्रकाश बाहेर पडत होता. घासून पॉलिश केल्यावर तो साधारण 70 टक्क्यांपर्यंत परत आला. प्रकाश पाचपट कमी झाला म्हणून दिसण्याचं अंतर पाचपट कमी होत नाही, कारण अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौपट पातळ होतो. साध्या गणिताने ते अंतर निम्म्याहूनही थोडं खाली येतं. डिप्परवर 60 मीटरवरची वस्तू दिसत असेल, तर ती आता 27 मीटरवर दिसेल.

आता हे आकडे रस्त्यावर ठेवून पाहू. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर कापते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर 25 मीटर तिथेच गेले. कोरड्या डांबरावर गाडी थांबायला आणखी 20 मीटर. म्हणजे 45 मीटर लागतात आणि दिसतंय 27 वर.

कराडच्या आसपास, दिवाळीच्या तोंडावर उसाचा गळीत हंगाम सुरू होतो तेव्हा, हा हिशेब कागदावर राहत नाही. कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर, त्याच्यामागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी बाहेर झुकलेली उसाची मोळी. मागचा लाल दिवा असलाच तर पाचटाआड झाकलेला. त्याच्या पुढे-मागे बीड-अहिल्यानगरकडून आलेल्या तोडणी कामगारांच्या बैलगाड्या. या सगळ्यांना मागून येणाऱ्याने वेळेत पाहायचं ते स्वतःच्या हेडलाईटमध्ये. ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा दरवर्षी होतात आणि त्या व्हायलाच हव्यात. पण रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही, आलेला परत पाठवतो. आलाच नाही तर पाठवणार काय?

ढगाळ दिव्याचा त्रास फक्त आपल्याला होत नाही. जो उजेड पुढे रस्त्यावर पडायचा, तो खरबरीत पृष्ठभागावर विखरून वर आणि बाजूला जातो. त्यामुळे आपल्याला कमी दिसतं आणि समोरून येणाऱ्याचे डोळेही दिपतात. कमी दिसतं म्हणून चालक अप्परवर राहतो. त्यानेही भागलं नाही की साठ-पंचावन्न वॉटच्या हॅलोजनच्या जागी शंभर-नव्वदचा बल्ब बसवतो, किंवा हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला पांढरा एलईडी घुसवतो. मूळ दुखणं दिव्याच्या बाहेरच्या थरात, आणि औषध आतल्या बल्बला. जास्त वॉटच्या बल्बने होल्डर वितळतात, वायरिंग तापतं, रिफ्लेक्टरची चांदी काळवंडते. मला सर्वांत वाईट वाटलं ते याचं, की एक ओला कागद आणि एक मोकळा दिवस यांनी भागलं असतं तिथे माणसं गाडी आणखी धोकादायक करून घेतात.

टूथपेस्टची चमक

घरगुती उपायांत टूथपेस्ट सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि ती अगदीच खोटी नाही. पेस्टमध्ये सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात, म्हणजे ते एक सौम्य पॉलिशच. हलकी धूसरता तिने कमी होते. पण लेपाचे पोपडे सुटले असतील तर टूथपेस्ट त्यांना उचलू शकत नाही, आणि घासून झाल्यावर मागे संरक्षण काहीच ठेवत नाही. थोड्याच महिन्यांत दिवा मूळपदावर येतो.

डीट असलेल्या डास-प्रतिबंधक फवाऱ्याची युक्ती मात्र टाळा. फवारा मारून पुसलं की दिवा क्षणात चकाकतो, कारण तो द्रव प्लॅस्टिकचा वरचा थर मऊ करून विरघळवतो. खाचा तेवढ्यापुरत्या भरल्यासारख्या दिसतात. पुढे तोच पृष्ठभाग चिकट होतो आणि तडकतो. पेट्रोल, थिनर, अॅसिटोन यांचंही तेच. नाना पेठेतल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात मी उभी होते, तेव्हा गिऱ्हाईक एक-दोन मिनिटांत चमक आणणारी बाटली मागत होतं. दुकानदाराने बाटली दिली, पण सोबत वॉटर पेपरचे चार नंबरही काउंटरवर ठेवले. "बाटलीनं फोटो चांगला येईल. गाडी ठेवणार असाल तर हे घ्या," ते म्हणाले.

कागद, पाणी आणि नंबर

हात लावण्याआधी एक चाचणी करायची. दिवा धुवायचा आणि ओला असतानाच बघायचा. ओला झाल्यावर जवळजवळ पारदर्शक दिसला तर नुकसान बाहेरचं आहे आणि सुटण्यासारखं आहे. पाणी खाचांमध्ये शिरतं, आणि प्रकाश वाकवण्याचा त्याचा गुण हवेपेक्षा प्लॅस्टिकच्या जवळचा असल्यामुळे प्रकाश खाचांपाशी फारसा विखुरत नाही. दिवा वाळला की खाचांत पुन्हा हवा, आणि पुन्हा धुकं. ओला करूनही धूसरच राहिला तर बिघाड आत आहे किंवा तडे खोल गेले आहेत. मग बाहेरून कितीही घासलं तरी उपयोग नाही.

काकांची तयारी साधी होती. साबणाच्या पाण्याची एक बादली, स्वच्छ पाण्याची दुसरी, वॉटर पेपरचे तुकडे भिजत घातलेले, आणि दिव्याभोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर. एक थर घासता घासता फाटतो, म्हणून दोन. कागदाचा नंबर जितका मोठा तितका कण बारीक. 800 नंबरच्या कागदावर साधारण 22 मायक्रॉनचे कण असतात, 2000 च्या कागदावर 10 मायक्रॉनचे. पोपडे सुटलेले असले तर 600 किंवा 800 पासून सुरुवात, नुसती धूसरता असेल तर थेट 1000 पासून.

पहिल्या नंबरवर सगळ्यांत जास्त वेळ द्यावा लागतो, आणि घाई होते तीही तिथेच. जुन्या लेपाचा एखादा टापू राहिला की पुढच्या बारीक कागदांनी तो निघत नाही आणि शेवटी तिथे डाग उमटतो. काका बोटांनी घासत नव्हते, कागदामागे स्पंजचा तुकडा धरला होता. बोटांचा दाब एकाच जागी पडतो आणि तिथे खळगा होतो. पहिला कागद आडवा फिरवला, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा. दिशा बदलली की आधीच्या कागदाच्या रेघा वेगळ्या ओळखू येतात. त्या सगळ्या पुसल्या गेल्या की पुढचा नंबर. दर वेळी दिवा, हात आणि स्पंज धुवायचे, पाणी बदलायचं. आधीच्या कागदाचा एक कण राहिला तरी पुढचं सगळं काम पुसलं जातं. कागद कोरडा पडू द्यायचा नाही. कोरडं घासलं की प्लॅस्टिक तापतं, भुकटी कागदात अडकते आणि तीच ओरखडे काढते.

1500, 2000, शेवटी 3000. इथवर आल्यावर दिवा दुधी काचेसारखा एकसारखा मंद दिसतो, आणि तो एकसारखेपणा हीच काम बरोबर झाल्याची खूण. मग कंपाउंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट. हाताने मायक्रोफायबरच्या फडक्याने चोळलं तर वेळ लागतो पण धोका नाही. ड्रिलला फोमचा बफ लावला तर वेग कमी ठेवायचा आणि एका जागी थांबायचं नाही. पॉलिकार्बोनेट दीडशे अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं, आणि बफ एकाच ठिकाणी दाबून धरला तर घर्षणाने तेवढी धग निर्माण होऊ शकते.

गॅलरीतून काकू खाली आल्या तेव्हा कंपाउंड पुसून झालं होतं. दिव्याच्या आतला बल्ब, रिफ्लेक्टरचे पैलू, कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळंसुद्धा स्पष्ट दिसत होतं. शेजारचे दोघे-तिघे जमले, फोटो निघाले. बहुतेक ठिकाणी गोष्ट इथेच संपते. आणि वर्षाच्या आत तोच माणूस म्हणतो, हे सगळं करून काही फायदा नाही, दिवा पुन्हा पिवळा पडतो.

शेवटचा थर

त्याचं म्हणणं खरं असतं. घासताना त्याने कारखान्याचा उरलासुरला लेप पूर्ण काढलेला असतो. आता उन्हासमोर उघडं प्लॅस्टिक आहे. आधी निदान फाटकं कवच होतं, आता तेही नाही. म्हणून माझं मत ठाम आहे की वर काही चढवायचं नसेल तर दिवा घासायलाही घेऊ नये.

मेण किंवा गाडीचं वॅक्स हा सर्वांत सोपा पर्याय, पण तो पावसात आणि धुण्यात निघून जातो. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा लावायची शिस्त असेल तरच त्याचा उपयोग. हेडलाईटच्या किटमध्ये अतिनील किरण अडवणारा द्रवलेप येतो. तो फडक्याने एका दिशेने, न थांबता, पातळ ओढायचा असतो. घरी करण्याजोगा चांगला मार्ग हाच. दिवा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कंपाउंडचा तेलकटपणा काढायचा, पूर्ण वाळू द्यायचा, आणि सावलीत लावायचा. तापलेल्या दिव्यावर लेप ओढ घेतो आणि पट्टे उठतात. पावसाळी दमट हवेत काही लेप पांढरे पडतात. आपल्याकडे पाऊस ओसरल्यानंतरचे कोरडे दिवस या कामाला सर्वांत योग्य. तिसरा पर्याय रंगाच्या संरक्षणासाठी लावतात त्या पारदर्शक फिल्मचा, ज्याला बाजारात पीपीएफ म्हणतात. सपाट दिव्यावर ती छान बसते. जास्त वळणाच्या दिव्यावर बसवायला सरावाचा हात लागतो.

आणि सर्वांत टिकाऊ तो टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर घालून स्प्रे गनने मारायचा क्लिअर कोट. हे काम मी कराडजवळच्या एका रंगकामाच्या गॅरेजात पाहिलं. तिथले मिस्त्री दसऱ्याच्या आधी आणि हंगामाच्या तोंडावर टेम्पो आणि जीपगाड्यांचे दिवे घेतात. खंडेनवमीला गाड्या धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून उभ्या राहतात, तेव्हा त्यांचे दिवेही त्या दिवशी लख्ख असावेत असं गाडीवाल्यांना वाटतं. मिस्त्रींनी 1500 नंबरला घासणं थांबवलं.

"पुढं न्हाई घासायचं का?" त्यांच्या हाताखालच्या मुलाने विचारलं.

"नको. लई गुळगुळीत केलं तर क्लिअर धरत न्हाई, सालपटागत निघतो," मिस्त्री म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "ताई, हितं पाणी मारून बगा. वल्लं असताना जसं दिसतंय, तसंच क्लिअर मारल्यावर दिसणार. खाचा त्योच भरतो."

त्यांनी पहिला हात अगदी हलका मारला, थोडं थांबून दुसरा भरीव. दुधी दिवा डोळ्यांसमोर पारदर्शक होत गेला. काम सुरेख होतं. पण मिस्त्रींच्या तोंडाला फक्त रुमाल होता आणि मुलाच्या तोंडाला तोही नव्हता. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवाऱ्यातून ते फुप्फुसांत गेले की दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्यांचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही त्रास उसळतो. जगभर गाड्या रंगवणाऱ्यांत दिसणारं हे ओळखीचं दुखणं आहे. रुमाल किंवा कापडी मास्क त्याला अडवत नाही. सर्वांत सुरक्षित म्हणजे बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क, आणि सोबत मोकळी हवा, हातमोजे, चष्मा. मी हे मिस्त्रींशी बोलले. खोकला आहे, पण तो धुळीचा असणार, असं ते म्हणाले. गाडी घेऊन येणाऱ्याने मजुरीत घासाघीस करण्याआधी त्या मुलाच्या तोंडाकडे एकदा बघावं, आणि चांगल्या मास्कचे पैसे बिलात आनंदाने द्यावेत. स्प्रे कॅनमध्येही टू-के क्लिअर मिळतो, पण तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मुलं खेळत असताना मारायची वस्तू नव्हे. घरी करायचं तर फडक्याने ओढायचा लेपच बरा.

जिथे कागद चालत नाही

काही दिव्यांना घासणं हे उत्तरच नसतं. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब साचलेले दिसले तर आधी मागचं रबरी झाकण, हवेची नळी आणि कडेचं सील बघायचं. थंड पहाटे हलकी वाफ धरून दिवा लावल्यावर ती निघून गेली, तर काळजीचं कारण नाही. तळाशी पाणी साचत असेल तर आहे. एलईडी दिव्यांत ही वाफ जास्त रेंगाळते, कारण त्यांची उष्णता पुढच्या आवरणाकडे न जाता मागच्या बाजूने बाहेर जाते. रिफ्लेक्टरची चांदी उडाली असेल तर आवरण आरशासारखं केलं तरी उजेड वाढणार नाही. आणि आरपार तडा गेलेला दिवा बदलायचाच.

बदलायचा म्हटलं की खर्चाचा प्रश्न येतो. कंपनी बहुधा अख्खा दिवा विकते. खूप खपलेल्या मॉडेलांची नुसती बाहेरची 'काच' नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळते. जुना दिवा तापवून उघडायचा, नवं आवरण चिकटवायचं. करणाऱ्याचा हात चांगला असेल तर ते उत्तम होतं. सील कच्चं राहिलं तर पहिल्याच पावसात दिव्याचं मत्स्यालय होतं. त्या स्वस्त आवरणांवर लेप नीट असेलच असंही नाही. जुना कंपनीचा दिवा शाबूत असेल तर तो घासून, लेप चढवून वापरणं मला अधिक पटतं.

काम झाल्यावर एक गोष्ट उरते, आणि ती फुकट आहे. दिव्याचा झोत कुठे पडतो ते तपासायचं. अंधूक दिव्याच्या दिवसांत कुणीतरी स्क्रू फिरवून तो वर चढवलेला असू शकतो. दिवा स्वच्छ झाल्यावर तोच चढलेला झोत समोरच्याच्या डोळ्यांत भाला होऊन घुसतो. सपाट जागी भिंतीसमोर 10 मीटरवर गाडी उभी करायची, डिप्पर लावायचा, आणि भिंतीवरची उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्याच्या उंचीपेक्षा साधारण 10 सेंटीमीटर खाली आहे का ते पाहायचं. नसेल तर दिव्यामागच्या स्क्रूने खाली आणायची, किंवा गॅरेजात झोत तपासायचं यंत्र असेल तर त्यावर लावून घ्यायची. शिवाय बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या उजव्या हाताला, 0 ते 3 आकडे लिहिलेलं एक छोटं चाक असतं. काकांना ते कशाचं आहे हे इतकी वर्षं माहीत नव्हतं. मागे माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक उचललं जातं आणि झोतही वर जातो. तेव्हा हे चाक 2 किंवा 3 वर न्यायचं, गाडी रिकामी झाली की परत 0 वर.